लहान मुलांचा एक्स-रे: ग्रोथ प्लेटचे फ्रॅक्चर ओळखायचे कसे

ग्रोथ प्लेट म्हणजे मुलाच्या हाडाच्या टोकाशी असलेला, हाडाची लांबी वाढवणारा थर. तो कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. मुलाच्या हाडाच्या टोकाशी जी काळी पट्टी दिसते ती खरे तर दोन हाडाळ भागांमधली न उमटलेली जागा आहे. त्या पट्टीतून आडवा गेलेला तडा म्हणूनच थेट दिसत नाही. दिसतात त्याचे आजूबाजूला उमटलेले परिणाम: पट्टी एका बाजूला रुंद झालेली, टोक किंचित सरकलेले, कडेला हाडाची एखादी कपची निघालेली, मऊ भागाला सूज. मोठ्यांच्या एक्स-रेत आपण तुटलेली रेषा शोधतो. तीच सवय घेऊन मुलाचा एक्स-रे पाहायला बसलो की हमखास फसगत होते, आणि ती दोन्हीकडून होते. नसलेले फ्रॅक्चर दिसते आणि असलेले सुटते.

हा लेख इंटर्न, ग्रामीण रुग्णालयातले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, ऑर्थोपेडिक्सचे नवे रेसिडेंट आणि एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. उपचारांचा तपशील इथे फारसा नाही. ओळखणे, नीट लिहिणे आणि योग्य वेळी पुढे पाठवणे एवढ्यावरच भर आहे.

रचना थोडक्यात

लांब हाडाचा मधला दांडा म्हणजे डायाफिसिस. तो टोकाकडे रुंद होतो तो भाग मेटाफिसिस. त्यानंतर ग्रोथ प्लेट, म्हणजेच फायसिस, आणि तिच्या पलीकडे सांध्याला लागून असलेले टोक म्हणजे एपिफिसिस. ग्रोथ प्लेटमध्ये पेशींचे थर असतात. एपिफिसिसच्या बाजूला राखीव पेशी, मग वेगाने वाढणाऱ्या पेशी, मग फुगलेल्या पेशींचा थर, आणि शेवटी मेटाफिसिसला लागून कॅल्शियम साठू लागलेला थर. फुगलेल्या पेशींचा थर सर्वांत कच्चा, कारण तिथे पेशी मोठ्या आणि त्यांना बांधून ठेवणारा भाग कमी. फ्रॅक्चर बहुतेक वेळा तिथूनच जाते. वाढीची खरी मदार असलेल्या पेशी त्यामुळे पुष्कळदा वाचतात, आणि बरीच मुले पुढे काही त्रास न होता वाढतात.

मुलांचे लिगामेंट ग्रोथ प्लेटपेक्षा मजबूत असतात, हेही इथे महत्त्वाचे. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा घोटा मुरगळतो किंवा गुडघ्याचे लिगामेंट तुटते, त्याच झटक्याने वाढत्या मुलाची ग्रोथ प्लेट सुटू शकते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर 'लिगामेंट इंज्युरी' लिहिण्याआधी हात थोडा थांबला पाहिजे.

एक्स-रेच्या आधी बोट

सर्वांत उपयोगी तपासणी तर्जनीच्या टोकाने होते. सूज कुठे आहे हे पाहून घ्या आणि मग एका बोटाने, दुखऱ्या जागेपासून लांबून सुरुवात करत, हाडावर हलके दाबत या. ग्रोथ प्लेट नेमकी कुठे असते ते माहीत हवे. बाहेरच्या घोट्यावर ती साधारण घोट्याच्या सांध्याच्या पातळीत येते, म्हणजे हाडाच्या खालच्या टोकापासून थोडी वर. मनगटात रेडियसची (अंगठ्याकडच्या हाडाची) ग्रोथ प्लेट सांध्याच्या रेषेपासून अंदाजे बोटाच्या रुंदीइतकी वर असते. हाडावर, पट्टीच्या जागी, सगळीकडून गोल दुखत असेल तर संशय ग्रोथ प्लेटचा. हाडाच्या टोकाखाली, मऊ भागात दुखत असेल तर लिगामेंटचा.

मूल चालत आले, बोटे हलवली, म्हणजे हाड मोडलेले नाही, ही समजूत घरोघरी असते आणि कधी कधी ओपीडीतही ऐकू येते. न सरकलेल्या ग्रोथ प्लेट फ्रॅक्चरवर मूल लंगडत का होईना, चालते. दुसरा प्रश्न आवर्जून विचारावा: आधी कुणी हात बसवण्याचा किंवा चोळण्याचा प्रयत्न केला का? हाडवैद्याकडे ओढून घेतलेल्या मनगटात मूळ इजेबरोबर ओढण्याची इजाही मिसळलेली असते. विचारताना स्वरात दोष देऊ नका, नाहीतर पालक सांगणार नाहीत.

नाडी, बोटांचा रंग, संवेदना आणि बोटे हलवण्याची ताकद ही तपासून लिहून ठेवायची, एक्स-रेला पाठवण्याआधी.

एक्स-रे मागवताना आणि काढताना

'राइट हँड एक्स-रे' एवढे लिहून पाठवले की पाची बोटे पसरलेला एक फोटो येतो आणि दुखऱ्या बोटाचे टोक दुसऱ्या बोटांखाली दडते. जिथे दुखते तो सांधा मध्यभागी घेऊन, एकमेकांशी काटकोनात, किमान दोन फोटो मागवा. मुलाचे वय आणि दुखणारी नेमकी जागा फॉर्मवर लिहा. वय नसेल तर मुलाच्या एक्स-रेचा अर्थ लावणेच अवघड होते.

मनगटाचा बाजूचा फोटो खरोखर बाजूचा असावा, म्हणजे रेडियस आणि अल्ना (करंगळीकडचे हाड) एकावर एक आलेले दिसावेत. कोपराचा बाजूचा फोटो ९० अंशांत वाकवून, खांदा आणि कोपर एकाच पातळीत ठेवून काढावा. मूल उभे राहून हात खाली टाकते तेव्हा ह्युमरस (दंडाचे हाड) तिरपा येतो आणि सगळ्या रेषा चुकतात. घोट्यासाठी समोरचा, बाजूचा आणि पाय १५ ते २० अंश आत वळवून काढलेला मॉर्टिस फोटो, असे तीन हवेत. बोटासाठी त्या एकाच बोटाचा, इतर बोटे मुठीत घेऊन, स्वतंत्र बाजूचा फोटो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला सूज असेल तर हात आत वळवून काढलेला तिरपा फोटो आठवणीने मागवावा.

तंत्रज्ञांसाठी: बांगड्या, वाळे, कडे, काळा दोरा, बांधलेली पट्टी आणि वाळलेला लेप काढून घ्यावा. त्यांच्या सावल्या नेमक्या हाडाच्या कडेवर पडतात. मूल हलले तर फोटो पुन्हा काढलेला बरा, कारण हललेल्या फोटोत हाडाची कड पुसट होते आणि या फ्रॅक्चरचा सगळा पुरावा कडेलाच असतो.

दुसऱ्या, न दुखणाऱ्या बाजूचा फोटो प्रत्येक वेळी काढू नये. त्यात विनाकारण किरणोत्सर्ग होतो. आधी दुखऱ्या बाजूचे दोन फोटो नीट वाचा. तरीही शंका राहिली, विशेषतः कोपरात, तर तुलनेसाठी दुसरी बाजू घ्या. खुब्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

आणखी एक कळकळीची सूचना. फिल्मचा मोबाइलवर काढलेला, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पाहून 'काही नाही' असे सांगू नका. फोटो पाठवताना दाबला जातो आणि एक-दोन मिलिमीटरची कपची त्यात नाहीशी होते. व्हॉट्सअॅपवर ठळक फ्रॅक्चर ओळखता येते, पण फ्रॅक्चर नाही असा निर्वाळा त्यावरून देता येत नाही.

वाचायचे कोणत्या क्रमाने

आधी नाव, तारीख, बाजू, वय. मग थेट हाडाकडे न जाता मऊ भाग पाहा. फोटोचा उजेड थोडा वाढवून त्वचेपासून हाडापर्यंतची सूज कुठे सर्वांत जास्त आहे ते शोधा. मनगटाच्या बाजूच्या फोटोत तळहाताच्या बाजूला प्रोनेटर क्वाड्रेटस स्नायूवर चरबीची एक बारीक काळी रेघ असते; ती फुगून पुढे आली असेल किंवा पुसली गेली असेल तर खाली काहीतरी घडले आहे. कोपराच्या बाजूच्या फोटोत ह्युमरसच्या मागे चरबीची काळी सावली दिसणे केव्हाही नॉर्मल नाही. पुढची सावली थोडी दिसली तर चालते, शिडासारखी वर उचललेली असेल तर सांध्यात रक्त आहे असे समजा.

आता ग्रोथ प्लेट. निरोगी पट्टीला मेटाफिसिसच्या बाजूने एक बारीक, पांढरी, सलग कड असते. एपिफिसिसची कडही गुळगुळीत असते. या दोन कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने चालत जा आणि तीन गोष्टी विचारा. पट्टीची रुंदी सगळीकडे साधारण सारखी आहे का, की एका बाजूला उघडली आहे? पांढरी कड कुठे तुटली आहे का? एपिफिसिसची बाहेरची कड आणि मेटाफिसिसची बाहेरची कड एकमेकींशी जुळतात का, की पायरी पडली आहे? ही पायरी बाजूच्या फोटोत जास्त चांगली सापडते, कारण मनगटात एपिफिसिस बहुतेक वेळा मागच्या बाजूला सरकते आणि समोरून पाहिले तर ते जागेवरच वाटते.

त्यानंतर मेटाफिसिसचा कोपरा. तिथे हाडाचा छोटा त्रिकोण सुटलेला आहे का ते दोन्ही फोटोंत, दोन्ही बाजूंना पाहा. शेवटी एपिफिसिसमध्ये उभी रेघ आहे का, आणि सांध्याच्या पृष्ठभागावर फट किंवा पायरी आहे का. एक दोष सापडला म्हणून थांबू नका. रेडियसच्या ग्रोथ प्लेटबरोबर अल्नाचे स्टायलॉइड तुटलेले असते, टिबियाबरोबर (नडगीच्या हाडाबरोबर) फिब्युलाचा, म्हणजे शेजारच्या बारीक हाडाचा, दांडा वर कुठेतरी मोडलेला असतो.

सॉल्टर-हॅरिसचे पाच प्रकार

टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ साली मांडलेली ही विभागणी आजही सगळीकडे वापरली जाते. पुढे इतरांनी सहावा आणि त्यापुढचे प्रकार जोडले, पण नवख्या माणसाने आधी हे पाच पक्के करावेत.

पहिला प्रकार: तडा फक्त ग्रोथ प्लेटमधून. हाड कुठेही तुटलेले नसते. टोक सरकलेले असेल तर ओळखता येते. नसेल तर एक्स-रे अगदी नॉर्मल दिसू शकतो.

दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळणारा, चारांपैकी साधारण तीन ग्रोथ प्लेट फ्रॅक्चर याच प्रकारची. तडा ग्रोथ प्लेटमधून काही अंतर जातो आणि मग मेटाफिसिसमध्ये वळून बाहेर पडतो. मेटाफिसिसचा जो त्रिकोणी तुकडा एपिफिसिसला चिकटून राहतो त्याला थर्स्टन हॉलंड तुकडा म्हणतात. पहिला प्रकार समजून सोडलेल्या कितीतरी एक्स-रेंत हा तुकडा एखाद्या पातळ पापुद्र्याएवढा असतो, फक्त एका फोटोत दिसणारा. तो असतो दाब पडलेल्या बाजूला, म्हणजे टोक जिकडे झुकले त्या बाजूला. म्हणून टोक कोणीकडे झुकले आहे ते आधी ठरवा आणि मग नेमक्या त्याच कोपऱ्यात शोधा.

तिसरा: तडा सांध्याच्या पृष्ठभागातून एपिफिसिसमध्ये शिरतो, ग्रोथ प्लेटपर्यंत येतो आणि तिच्यातून बाजूला बाहेर पडतो. मेटाफिसिस शाबूत. चौथा: तडा एपिफिसिस, ग्रोथ प्लेट आणि मेटाफिसिस असा तिन्हींतून आरपार. या दोन्हींत सांधाही फाटलेला असतो. चौथ्यात तुकडा सरकून जुळला तर एपिफिसिसचे हाड मेटाफिसिसच्या हाडाला चिकटते, मधे हाडाचा पूल तयार होतो आणि वाढ एका बाजूला अडते. हे दोन प्रकार दिसले, किंवा नुसती शंका आली, तरी त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जनशी बोलायचे. २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला सांध्याचा तुकडा सहसा शस्त्रक्रियेने जुळवावा लागतो.

पाचवा म्हणजे ग्रोथ प्लेट चिरडली जाणे. उंचावरून उडी मारून पायांवर पडणे अशा सरळ दाबाने हे होते. फार क्वचित आढळतो, आणि पहिल्या एक्स-रेत बहुधा काहीच नसते. पट्टी किंचित अरुंद वाटली तर वाटली. निदान काही महिन्यांनी, हाड वाकडे किंवा आखूड वाढू लागल्यावर होते. पहिल्या दिवशी त्याचा छाप मारण्यात अर्थ नाही, पण इजा तशी असेल तर पालकांना पुढच्या तपासणीच्या तारखा ठामपणे द्यायच्या.

लक्षात ठेवण्यासाठी वापरले जाणारे 'सॉल्टर' (SALTER) या अक्षरांचे सूत्र (त्यात A म्हणजे तडा 'वर', दुसरा प्रकार; L म्हणजे 'खाली', तिसरा प्रकार) एपिफिसिस खाली आहे असे धरून बनवलेले आहे. खांद्याला किंवा टिबियाच्या वरच्या टोकाला ते लावताना 'वर' आणि 'खाली' उलटे होतात आणि नवे रेसिडेंट दुसऱ्या प्रकाराला तिसरा म्हणून बसतात. वर-खालीचा विचार सोडून तडा मेटाफिसिसकडे गेला की एपिफिसिसकडे एवढेच विचारा.

कोपर

नवख्यांना सर्वांत जास्त छळणारा सांधा हा. इथे सहा हाडाळ केंद्रे, म्हणजे कूर्चेत हाड तयार होऊ लागते त्या जागा, ठरलेल्या क्रमाने दिसू लागतात: कॅपिटेलम साधारण १ वर्षाला, रेडियसचे डोके ३, आतला एपिकॉन्डाइल ५, ट्रॉक्लिया ७, ओलेक्रेनॉन ९ आणि बाहेरचा एपिकॉन्डाइल ११ वर्षांना. वये मागेपुढे होतात, मुलींमध्ये लवकर येतात, पण क्रम बहुधा बदलत नाही. म्हणून वयापेक्षा क्रम पाठ करा.

त्याचा थेट उपयोग असा. ट्रॉक्लिया दिसते आहे पण आतला एपिकॉन्डाइल त्याच्या जागी नाही, असे झाले तर तो तुटून सांध्यात अडकला आहे आणि ट्रॉक्लिया समजून आपण त्याच्याकडेच पाहत आहोत, ही शक्यता आधी धरायची. कोपर निखळून परत बसलेल्या मुलांत हे विशेष घडते. ट्रॉक्लिया स्वतः मुळातच तुकड्यातुकड्यांनी भरते, त्यामुळे तिच्या ओबडधोबड दिसण्याला फ्रॅक्चर म्हणू नये.

बाहेरच्या कॉन्डाइलचे, म्हणजे ह्युमरसच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या भागाचे, फ्रॅक्चर चार ते दहा वर्षांच्या मुलांत येते. एक्स-रेत दिसतो तो मेटाफिसिसचा पातळ तुकडा, पण कूर्चेसकट तुटलेला भाग त्याहून कितीतरी मोठा असतो. समोरच्या फोटोत तो २ मिलिमीटरही सरकलेला वाटत नाही आणि आत वळवलेल्या तिरप्या फोटोत चांगला उघडलेला निघतो. हे सुटले तर हाड जुळत नाही, कोपर बाहेर झुकते, आणि कित्येक वर्षांनी अल्नर नर्व्हवर ताण येऊन करंगळीकडचा हात बधिर व कमजोर होतो. प्लास्टरमध्ये ठेवलेल्या न सरकलेल्या फ्रॅक्चरचाही पाच-सात दिवसांनी पुन्हा एक्स-रे हवा, कारण ते प्लास्टरच्या आत सरकते.

दोन-तीन वर्षांखालच्या बाळात 'कोपर निखळले' असे वाटले तर थांबा. या वयात सांधा निखळणे दुर्मिळ. ह्युमरसचे खालचे टोक अखंड सुटणे जास्त संभवते. फरक असा: सांधा निखळला तर रेडियसची रेषा कॅपिटेलमला चुकवून जाते. टोक सुटले असेल तर रेडियस आणि कॅपिटेलम एकमेकांशी जुळलेलेच राहतात, पण दोघे मिळून ह्युमरसपासून, बहुधा आतल्या बाजूला, सरकलेले असतात. अशा बाळात इजा कशी झाली याची नीट चौकशी झाली पाहिजे. एक वर्षाखालच्या बाळाच्या मेटाफिसिसचा कोपरा तुटलेला किंवा बादलीच्या कडीसारखी पांढरी कड सुटलेली दिसली तर मारहाणीची शंका घेणे आपले कर्तव्य आहे. एकट्याने निर्णय न घेता बालरोगतज्ज्ञांना आणि वरिष्ठांना लगेच कळवा, मूल घरी पाठवू नका.

घोटा

टिबियाच्या खालच्या टोकाची ग्रोथ प्लेट एकदम बंद होत नाही. आधी मधला भाग, मग आतला, सर्वांत शेवटी बाहेरचा. या सगळ्याला साधारण दीड वर्ष लागते. या काळात, म्हणजे अंदाजे १२ ते १५ वर्षांच्या मुलामुलींत, पाय बाहेर वळला की लिगामेंट एपिफिसिसचा पुढचा-बाहेरचा, अजून उघडा असलेला कोपरा ओढून काढते. हे टिलो फ्रॅक्चर, सॉल्टर-हॅरिसचा तिसरा प्रकार. मॉर्टिस फोटोत एपिफिसिसमधली बारीक उभी रेघ हीच काय ती खूण.

ट्रायप्लेन फ्रॅक्चर त्याच वयात. समोरून पाहिले तर तिसरा प्रकार, बाजूने पाहिले तर दुसरा. दोन फोटो दोन वेगळी उत्तरे देत असतील तर गोंधळून न जाता ट्रायप्लेन म्हणा आणि सीटी मागवा. तडा किती मिलिमीटर उघडला आहे ते सीटीतच खात्रीने मोजता येते.

लहान वयात पाय आत वळून आतला घोटा उभा तुटतो, तिसरा किंवा चौथा प्रकार. समोरच्या फोटोत तडा अगदी किरकोळ वाटतो, पण पुढे हाडाचा पूल तयार होऊन घोटा आत झुकण्याचा धोका इथे बराच आहे.

बाहेरच्या घोट्याबद्दल मात्र मत बदलले आहे. सूज आहे, फिब्युलाच्या पट्टीवर दुखते, एक्स-रे नॉर्मल, म्हणजे पहिला प्रकार, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. एमआरआय करून पाहिल्यावर अशा मुलांपैकी फारच थोड्यांत खरे ग्रोथ प्लेट फ्रॅक्चर निघाले. बहुतेकांत लिगामेंटची इजा किंवा हाडाला मुका मार होता. अशा मुलाला काढता येणारा ब्रेस आणि वेळेवर पुनर्तपासणी पुरते.

बोटे आणि मनगट

बोटांच्या सर्व फॅलेंजेसच्या (पेरांच्या हाडांच्या) ग्रोथ प्लेट बुडाशी असतात. मेटाकार्पलपैकी (तळहाताच्या हाडांपैकी) अंगठ्याची बुडाशी आणि बाकी चौघांची डोक्याकडे. याच्या उलट टोकाला खाच दिसली तर ती बहुधा खोटी एपिफिसिस. करंगळीच्या पहिल्या फॅलेंक्सचा दुसरा प्रकार फार नेहमीचा; एक्स-रेत तो साधा वाटतो, पण मूठ मिटवून बोट शेजारच्या बोटावर चढते का ते पाहिल्याशिवाय सोडू नका.

दारात बोट चेंगरून आलेल्या मुलाचे शेवटचे पेर वाकलेले, नखाच्या मुळाशी रक्त, आणि नख मुळाच्या कातडीखालून निसटून वर आलेले असेल तर ते मॅलेट फिंगर नव्हे, सीमूर फ्रॅक्चर आहे. ग्रोथ प्लेट सुटली आहे आणि नखाच्या फाटलेल्या तळातून बाहेरच्या हवेशी जोडली गेली आहे. नुसती पट्टी बांधून घरी पाठवले तर हाडात जंतुसंसर्ग होतो आणि वाढ खुंटते. धुणे, अडकलेला नखाचा तळ बाहेर काढणे आणि प्रतिजैविके हवीत. खूण सापडते फक्त एकट्या बोटाच्या बाजूच्या फोटोत.

रेडियसची वाढ ७५ ते ८० टक्के मनगटाकडच्या टोकातून होते. त्यामुळे इथले वाकडेपण वाढीबरोबर सरळ होते, हा फायदा. पण सात-दहा दिवस उलटल्यावर जोर लावून हाड पुन्हा बसवायचे नाही. तोवर भरणे सुरू झालेले असते आणि ओढाओढीत ग्रोथ प्लेटच फाटते. उशिरा आलेले मूल म्हणून घाईने बसवू नये, सर्जनला दाखवावे. पडल्याचे काही कारण नसताना जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलामुलींत मनगट दुखत असेल आणि पट्टी रुंद, कडा ओबडधोबड असतील तर तो वारंवारच्या ताणाचा परिणाम असतो. हातांवर भार येणारा सराव थांबवावा लागतो.

गुडघा आणि खुबा

फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या ग्रोथ प्लेटमधून फीमरची सुमारे ७० टक्के वाढ होते, आणि तिचा आकार लाटेसारखा वरखाली असतो. तडा त्या लाटांतून जाताना सगळे थर कापत जातो. म्हणून इथला दुसरा प्रकारही साधा समजू नये. वाढ अडण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. गुडघ्यात रक्त भरले आहे, फीमरच्या पट्टीवर दुखते, एक्स-रे नॉर्मल: एमआरआय. टिबियाच्या वरच्या ग्रोथ प्लेटच्या फ्रॅक्चरमध्ये मेटाफिसिस मागे सरकला असेल तर गुडघ्यामागची पॉप्लिटियल धमनी धोक्यात असते, तेव्हा आधी पायाची नाडी. उडी मारताना टिबियल ट्युबरोसिटी उपटलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलात कंपार्टमेंट सिंड्रोमवर (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणे) लक्ष ठेवा.

दहा ते सोळा वयाचे, बहुधा जाड, लंगडणारे मूल गुडघा दुखतो म्हणून येते आणि गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल निघतो. खुबा तपासा, दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढा. फीमरच्या मानेच्या वरच्या कडेने ओढलेली रेषा, क्लाइनची रेषा, डोक्याचा काही भाग छेदून गेली पाहिजे. ती डोक्याला न शिवता वरून गेली, किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा कमी भाग छेदला, तर डोके घसरले आहे. घसरण बेडकासारखे पाय करून काढलेल्या फोटोत लवकर कळते. मात्र मुलाला कुबड्या घेऊनही पाय टेकवता येत नसेल तर त्या स्थितीत पाय जबरदस्तीने नेऊ नका, झोपवून आडवा फोटो घ्या. निदान झाले की मुलाला चालू द्यायचे नाही. स्ट्रेचरवरून पुढे पाठवायचे.

फ्रॅक्चर नसलेल्या गोष्टी

ह्युमरसच्या वरच्या टोकाची ग्रोथ प्लेट तंबूच्या आकाराची असते, म्हणून एका फोटोत तिच्या दोन रेषा दिसतात. दुसरी रेषा तडा नव्हे. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी हाडाच्या लांबीला समांतर रेघ असेल तर ती अपोफिसिस (स्नायू जिथे जोडतो ते वाढीचे केंद्र), आडवी असेल तर फ्रॅक्चर. टाचेची अपोफिसिस पांढरीफटक आणि तुकड्यांची दिसणे नॉर्मल आहे.

सगळ्याच पट्ट्या, दोन्ही बाजूंनी, रुंद असतील आणि मेटाफिसिस पेल्यासारखा खोलगट व झिजलेल्या कडांचा असेल तर मुडदूस. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी तपासा. ताप असेल आणि मेटाफिसिसवर खूप दुखत असेल तर इजेची हकीकत ऐकूनही ऑस्टिओमायलायटिसचा (हाडातल्या जंतुसंसर्गाचा) विचार सोडू नका. मुले रोजच पडतात आणि पालक त्यातलेच एखादे पडणे आठवून सांगतात.

नोंद आणि पुढच्या तारखा

नोंदीत बाजू, हाड, कोणते टोक, ग्रोथ प्लेट उघडी की बंद होत आलेली, सॉल्टर-हॅरिस प्रकार, किती मिलिमीटर आणि कोणत्या दिशेने सरकले, किती अंश झुकले, सांध्यात फट किंवा पायरी किती, एवढे हवे. 'हेअरलाइन' हा शब्द टाळावा. त्यातून काहीच कळत नाही आणि पालक ते किरकोळ समजतात.

एक्स-रे नॉर्मल पण पट्टीवर बोट ठेवताच दुखत असेल तर (वर सांगितलेला बाहेरचा घोटा सोडून) स्लॅब, म्हणजे अर्धे प्लास्टर, घाला, 'एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही, ग्रोथ प्लेटच्या इजेची शंका आहे' असे लिहा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासा. दुखणे गेले असेल तर स्लॅब काढून मोकळे करा. दुखत असेल तर एक्स-रे पुन्हा काढा. दोन आठवड्यांच्या सुमारास हाडाच्या कडेला नव्या हाडाची पुसट रेघ उमटते आणि निदान पक्के होते.

सरकलेली फ्रॅक्चर जुळवल्यानंतर पाच-सात दिवसांनी एक्स-रे, आणि भरल्यावर तीन, सहा व बारा महिन्यांनी, मोठ्या सांध्यांत त्याहूनही पुढे. या एक्स-रेंत मेटाफिसिसमधली बारीक पांढरी वाढरेषा शोधा. ती ग्रोथ प्लेटला समांतर राहून दर वेळी तिच्यापासून दूर जात असेल तर वाढ नीट चालू आहे. एका बाजूला पट्टीकडे झुकून तिला मिळत असेल तर तिथे हाडाचा पूल तयार होतो आहे. मुलाची वाढ बरीच उरली असताना हे सापडले तर तो पूल काढता येतो. पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की प्लास्टर निघाले म्हणजे तपासणी संपली असे नाही, आणि पुढची तारीख केसपेपरवर मराठीत, ठळक लिहून द्या.